वाघमुखी राक्षसाची वंशावळ

इ. स. १९७७ सालीं अमेरिकेंत 'मॉन्स्टर मॅन्युअल' या नांवाचें एक पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत साडेतीनशेंहून अधिक अद्भुत प्राण्यांची अकारविल्हे यादी असून प्रत्येकाचें बलाबल आंकड्यांनीं दिलेलें आहे. ही यादी चाळतां चाळतां आपल्या घरचा एक शब्द अचानक समोर येतो : 'राक्षस'. सोबत डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकारानें काढलेलें चित्रहि आहे. डोकें वाघाचें, अंगांत सुखवस्तु गृहस्थाचा झगा, बैठक खुर्चीवर ऐसपैस, आणि तोंडाशीं तंबाखूचा पाईप ! खालच्या मजकुरांत त्याचे गुणधर्म सांगितले आहेत. हा प्राणी प्रथम हिंदुस्थानांत आढळला. तो मनुष्यभक्षक आहे. समोरच्या माणसाच्या मनांतील गोष्ट ओळखून तो त्याच्या विश्वासांतल्या व्यक्तीचें रूप दाखवितो. आणि धर्मोपदेशकानें मंत्रून दिलेला क्रॉसबोचा बाण लागला तर तो तत्काळ मरतो. क्रॉसबो म्हणजे घोडा दाबून बाण सोडण्याचें यूरोपांतील आडवें धनुष्य.

आपल्या वाचकांस या वर्णनांतील कांहीं भाग ओळखीचा व कांहीं अगदींच परका वाटेल. राक्षस कामरूपी असतात हें लहान मूलहि जाणतें. मारीच सुवर्णमृग होतो, रावण यतीच्या वेषानें पर्णकुटीच्या दारीं येतो. वाघाचें तोंड म्हणावें, तर सुंदरकांडांत अशोकवनांतील राक्षसिणींचें जें वर्णन आहे त्यांत डुकराच्या, हरणाच्या, रेड्याच्या तोंडांबरोबर वाघाच्या तोंडाच्याहि आहेत. परंतु तें अनेकांतील एक रूप, जातीचें लक्षण नव्हे. पण पाईप कोठला ? क्रॉसबो कोठला ? मंत्रलेल्या बाणानें राक्षस मरतो हें आपल्या अस्त्रविद्येशीं जुळतें खरें; तथापि तो बाण ख्रिस्ती मठांतून आल्यासारखा कां दिसतो ? या प्रश्नांच्या मागें गेलें असतां एका नव्या कलाप्रकाराची जी वंशावळ हातीं लागते, तीच येथें वाचकांपुढें मांडावयाची आहे.

'मॉन्स्टर मॅन्युअल' हें पुस्तक वाचण्यासाठीं नसून खेळण्यासाठीं आहे. विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा या लहानशा गांवीं १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व त्याचा सहकारी डेव्ह आर्नेसन यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. तपकिरी पेटींत तीन पातळ पुस्तिका, एवढेंच त्याचें स्वरूप. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या एक हजार. चारपांच मित्र टेबलाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार म्हणतो, "तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या तळघरांत उभे आहां, समोर तीन दारें आहेत." पुढें काय करावयाचें तें खेळाडूंनीं बोलून सांगावयाचें, आणि यश येतें कीं नाहीं हें फाशांवर ठरावयाचें. पट नाहीं, डाव जिंकणें नाहीं, शेवटहि नाहीं. ज्यांनीं लहानपणीं गोष्ट सांगणाऱ्या आजीला मध्येंच अडवून "मग मी तिथें असतों तर—" म्हटलें असेल, त्यांस या खेळाचें मर्म निराळें समजावून देण्याची गरज नाहीं.

आतां राक्षसाकडे वळूं. २० डिसेंबर १९७४ या दिवशीं, म्हणजे खेळ निघाला त्याच वर्षाच्या अखेरीस, अमेरिकेच्या ए. बी. सी. या टेलिव्हिजन कंपनीनें 'कोल्चॅक : द नाइट स्टॉकर' या मालिकेचा 'हॉरर इन द हाइट्स' नांवाचा भाग दाखविला. कार्ल कोल्चॅक हा शिकागोमधील एक बातमीदार. दर आठवड्यास त्याची कोणत्या तरी भुताशीं किंवा पिशाचाशीं गांठ पडे, आणि दर आठवड्यास त्याचा संपादक त्याची बातमी छापण्याचें नाकारी. या भागांत शिकागोच्या एका जुन्या वस्तींतील वृद्ध यहुदी माणसें एकामागून एक मरूं लागतात. प्रेतांचीं केवळ हाडें उरतात. भिंतींवर कोणी तरी स्वस्तिकें काढून ठेविलेलीं आढळतात. यहुदी रहिवाश्यांस तीं अर्थातच हिटलरच्या पक्षाचीं वाटतात. वस्तुतः तीं काढणारा असतो एक म्हातारा हिंदु, राक्षसाच्या पाठलागावर असलेला. आणि तीं असतात राक्षसास दूर ठेवण्याचीं मंगलचिन्हें! राक्षस ज्याला गांठतो त्याच्यापुढें त्याच्या विश्वासांतील माणसाच्या रूपानें उभा राहतो. शेवटीं म्हाताऱ्याचा क्रॉसबो कोल्चॅकच्या हातीं येतो. समोरून येते ती त्याच्याच कचेरींतील एक प्रेमळ वृद्ध बाई. आणि हें रूप फसवें आहे असें मनाशीं म्हणत त्याला तिच्यावर मंत्रलेला बाण सोडावा लागतो.

एका स्वस्तिकाचे दोन अर्थ, आणि दोन्ही वृद्ध, दोन्ही घाबरलेले, एकमेकांस न ओळखणारे. स्वस्त भयकथेच्या पन्नास मिनिटांत लेखक जिमी सँग्स्टर यानें हें सांगितलें, याचें आम्हांस कौतुक वाटतें. त्या म्हाताऱ्या हिंदूची भूमिका एब्राहम सोफाएर या नटानें केली होती. त्याचा जन्म रंगूनचा, आणि तो स्वतः यहुदी कुळांतला, हा योगायोगहि नमूद करण्याजोगा आहे.

या प्रक्षेपणानंतर एक वर्षानें, डिसेंबर १९७५ मध्यें, गायगॅक्सच्या संस्थेच्या 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकांत खेळांतला राक्षस प्रथम अवतरला, आणि पुढें दोन वर्षांनीं तो मोठ्या ग्रंथांत गेला. विश्वासांतील माणसाचें रूप, क्रॉसबो, मंत्रलेला बाण : हे तिन्ही दुवे एकत्र असे दुसरीकडे कोठेंहि सांपडत नाहींत. तेव्हां हा राक्षस वाल्मीकीकडून थेट आलेला नसून शुक्रवारच्या रात्रीं टेलिव्हिजनच्या कांचेंतून उतरला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. वाघाचें डोकें व पाईप हें मात्र चित्रकाराचें देणें. मालिकेंतील प्राणी नुसता केसाळ आहे. अशा रीतीनें लंकेचा कामरूपी निशाचर हॉलीवुडास गेला, तेथें त्यानें क्रॉसबोचें भय उचललें, आणि विस्कॉन्सिनांत येऊन तो झगा घालून खुर्चीवर बसला.

ही गंमतीची गोष्ट एकटी असती तर तीवर एवढी शाई खर्च करण्याचें कारण नव्हतें. परंतु या खेळाच्या इतिहासाचें जें अधिकृत कथन आहे, त्यास ती बाध आणते. १९७९ सालीं गायगॅक्सनें सूत्रधारासाठीं लिहिलेल्या ग्रंथास एक परिशिष्ट जोडलें. 'परिशिष्ट एन्' या नांवानें तें त्या वर्तुळांत पुराणाइतकें मान्य झालें आहे. आपणांस स्फूर्ति देणाऱ्या लेखकांची ती यादी : रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हॅन्स, टोल्कीन इत्यादि. यादी कादंबऱ्यांची व कथासंग्रहांची आहे. परंतु यादीच्या आधीं जो लहानसा प्रास्ताविक परिच्छेद आहे त्यांत गायगॅक्स सांगतो कीं, कल्पनेचा पहिला संस्कार वडिलांनीं रचून सांगितलेल्या गोष्टींचा, आणि त्यानंतरचा शेंकडों चित्रकथांच्या अंकांचा व भीतिदायक चित्रपटांचा. यादी सर्वांच्या लक्षांत राहिली; प्रास्ताविक कोणी वाचलें नाहीं. श्रीमंत घराण्याच्या कुळवृत्तांतांत सरदारांचीं नांवें ठळक येतात आणि ज्या दाईनें पोरें वाढविलीं तिचें नांव तळटीपेंत जातें, त्यांतलाच हा प्रकार.

गायगॅक्सचा जन्म १९३८ चा. म्हणजे त्याचें बालपण अमेरिकन चित्रकथांच्या अगदीं बेबंद काळांत गेलें. १९५४ सालीं फ्रेडरिक वर्टॅम या मानसोपचारतज्ज्ञाच्या ग्रंथानें, आणि सेनेटच्या समितीनें केलेल्या चौकशीनें, या अंकांवर बालगुन्हेगारीचा आरोप ठेवला, व त्याच वर्षीं प्रकाशकांनीं स्वतःवर नियमांची बेडी घालून घेतली. तोंपर्यंत गायगॅक्स सोळा वर्षांचा झाला होता. जें वाचावयाचें तें वाचून झालें होतें.

चित्रकथांचें ऋण किती उघडें होतें याची साक्ष त्या तपकिरी पेटीवरच आहे. पेटीवरील घोडा उधळलेल्या स्वाराचें चित्र एप्रिल १९६८ च्या 'स्ट्रेंज टेल्स' या चित्रकथेच्या १६७ व्या अंकांतील डॉक्टर स्ट्रेंज नांवाच्या मांत्रिकाच्या गोष्टींतून जवळजवळ जसेंच्या तसें गिरविलेलें आहे. गिरविणारा ग्रेग बेल हा हौशी तरुण. चोरीच म्हणावयाची, पण शाळकरी मुलगा वहीच्या पुठ्ठ्यावर आवडत्या वीराचें चित्र गिरवितो तशी.

डेव्ह आर्नेसनची गोष्ट याहून बोलकी आहे. तो मिनेसोटांतील सेंट पॉलचा, गायगॅक्सहून नऊ वर्षांनीं लहान, आणि म्हणून टेलिव्हिजनच्या उजेडांत वाढलेला. नेपोलियनच्या लढायांचे शिस्तबद्ध डाव खेळणाऱ्या मंडळींत तो असे. एकदां रोमन काळच्या एका कंटाळवाण्या लढाईंत त्यानें आपल्या पक्षाच्या वनपुरोहिताच्या हातीं 'स्टार ट्रेक' मालिकेंतील किरणशस्त्र देऊन प्रतिपक्षाचा हत्ती लोळविला. खेळणाऱ्यांत शिस्तप्रिय होते ते चिडले; इतरांस मौज वाटली. पुढें १९७१ च्या सुमारास एका आठवड्याच्या शेवटीं टेलिव्हिजनवर लागोपाठ लागलेले जुने राक्षसपट पाहत, मक्याच्या लाह्या खात आणि कॉनन या वीराची कादंबरी वाचीत तो पडला होता. त्यांतून त्याला 'ब्लॅकमूर' नामक किल्ल्याची व त्याखालच्या भुयारांची कल्पना सुचली, असें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. तेंच पुढें साऱ्या खेळाचें बीज ठरलें. त्या भुयारांत एका खेळाडूचें पात्र वेताळयोनींत जाऊन 'सर फँग' झालें व कोणास आवरेना. तेव्हां त्यास आवर घालण्यासाठीं हॅमर कंपनीच्या ड्रॅक्युला-चित्रपटांतील वैद्याच्या धर्तीवर क्रूसधारी धर्मोपदेशकाचें पात्र निर्माण झालें. आज लक्षावधि खेळाडू ज्यास या खेळाचा एक मूळ स्तंभ मानतात, त्या पात्राची ही जन्मकथा.

मग कादंबऱ्यांनीं कांहींच दिलें नाहीं काय ? असें आम्ही म्हणत नाहीं. तरवारी, मंत्र, शापित रत्नें, म्हणजे घरांतलें सामानसुमान, त्यांनींच दिलें. परंतु घराचा नकाशा दुसरीकडून आला. कादंबरीस एक नायक असतो आणि तिला शेवट असतो. टेबलाभोंवतीं मात्र पांच जण बसलेले. प्रत्येकास आपली वेळ यावी असें वाटणार. पुढच्या शनिवारीं पुन्हां जमावयाचें. तेव्हां आजचा प्रसंग तुटला तर पाहिजे, पण कथा संपतां कामा नये. हा पेंच कोणत्या कलेनें आधीं सोडविला होता ? टेलिव्हिजनच्या साप्ताहिक मालिकेनें आणि मासिक चित्रकथेनें. बरोबरीच्या पात्रांचा मेळा, आज एकाची तर उद्यां दुसऱ्याची गोष्ट, हातून निसटून पुन्हां पुन्हां येणारा खलपुरुष, ऐन कड्यावर तोडलेला प्रसंग : सूत्रधार हीं सारीं साधनें नकळत वापरीत आले, कारण तीं त्यांच्या रक्तांत लहानपणींच भिनलीं होतीं.

ज्या खेळकर्त्यांनीं हें जाणून घेतलें त्यांचे खेळ पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. १९८१ सालच्या 'चॅम्पियन्स' या खेळांत खेळाडू महावीर घडवितो तो गुणांची खरेदी करून. आणि अधिक सामर्थ्य हवें असेल तर त्याबदल्यांत उणिवा पत्कराव्या लागतात. गुप्त ठेवावी लागणारी ओळख, पाठीस लागलेला शत्रु, किंवा घरीं परावलंबी म्हातारी मावशी. चित्रकथांच्या वाचकांस ठाऊक आहे कीं, वीराची मावशी नेमकी नको त्या वेळीं संकटांत सांपडते. 'चॅम्पियन्स'च्या कर्त्यांनीं या योगायोगाचा कायदा केला : खेळाच्या आरंभीं सूत्रधारानें तीन फासे टाकावे, आणि अमुक आंकड्याच्या आंत दान पडलें तर आज मावशी संकटांत आहे असें समजावें. ज्या गोष्टीस टीकाकार लेखकाची हातचलाखी म्हणत, तिचें हें गणित पाहून हंसूं येतें. पण खेळतांना तें बिनचूक चालतें.

१९८४ सालीं जेफ ग्रब यानें मार्व्हल कंपनीच्या महावीरांवर खेळ रचला. त्यांत बळ आंकड्यांऐवजीं विशेषणांनीं मोजलें आहे, 'उल्लेखनीय', 'अविश्वसनीय', 'अपार्थिव' अशा चढत्या भाषेंत. कारण चित्रकथांच्या मुखपृष्ठांवर हीच भाषा असते. आणि सत्कृत्यांबद्दल जी पुंजी मिळते तिचें नांव आहे 'कर्म' ! ही पुंजी खर्चून अडल्या वेळीं पडलेलें दान वाढवितां येतें. पण वीरानें कोणाचा जीव घेतला तर सर्व कर्म एका क्षणांत शून्य होतें. कर्म भोगून संपवावयाचें असतें, तें बाजारांत मोडतां येत नाहीं, असें आपले शास्त्री म्हणतील. तथापि या एका नियमानें जें साधलें तें लक्षांत घ्यावें. पूर्वीच्या खेळांत शत्रूस मारल्यानें पात्राची बढती होई. येथें मारल्यानें सर्वनाश होऊं लागला. वर्टॅमच्या पिढीनें ज्या अंकांस हिंसेची शाळा म्हटलें, त्या अंकांवरून रचलेल्या खेळानें अहिंसेस रोख किंमत आणली.

वृत्तपत्री चित्रमालांचेंहि एक उदाहरण देतों. हॅल फॉस्टरची 'प्रिन्स व्हॅलिअंट' ही चित्रमाला १९३७ पासून रविवारच्या अंकांत येऊं लागली. तिच्यावर ग्रेग स्टॅफर्ड यानें १९८९ सालीं खेळ केला तो फाशांवांचून. नुसतीं नाणीं उडवावयाचीं आणि किती छापे पडले तें मोजावयाचें. रविवारीं सकाळीं बाप व मुलगी एकच पान वाचतात, तशीं दोघांनीं एकत्र खेळावें इतका तो सोपा आहे. या साऱ्यांत आमचा जीव जर कोणावर अधिक जडला असेल तर तो यावर.

टेलिव्हिजनकडून उघड घेणाऱ्यांत दोन खेळ विचार करण्यासारखे आहेत. मॅट विल्सनच्या 'प्राइमटाइम अॅडव्हेंचर्स' (२००४) मध्यें कोणत्याहि ठरीव मालिकेची नक्कल नसून खेळाडू आपलीच मालिका रचतात. प्रत्येक पात्रास प्रत्येक भागासाठीं 'पडद्यावरचें महत्त्व' एक ते तीन असें आधींच ठरवून दिलेलें असतें. ज्या भागांत तुमचा आंकडा तीन तो भाग तुमचा, आणि एक असेल त्या दिवशीं तुम्ही मुकाट्यानें दुसऱ्यास वाव द्यावयाचा. दुसरा खेळ २००९ चा, 'डॉक्टर हू' या इंग्रज मालिकेवरचा. त्या मालिकेचा नायक शस्त्र बाळगीत नाहीं; बोलून, धांवून, युक्ति करून संकट टाळतो. इतर खेळांत चकमक सुरू झाली कीं आधीं कोणी वार करावा हें फासे ठरवितात. येथें नियम असा कीं, आधीं बोलणारे, मग धांवणारे, मग कांहीं करणारे, आणि सर्वांच्या शेवटीं लढणारे ! बंदूक रोखलेल्या शिपायापुढेंहि तुमचें एक वाक्य अगोदर होईल. एका मालिकेचा सारा स्वभाव एका ओळीच्या नियमांत उतरविला. आम्ही यास अस्सल टीकावाङ्मय समजतों.

टेलिव्हिजनचें वर्तन मात्र सदैव मातेचें नव्हतें. १९७९ सालीं मिशिगनमधील एक विद्यार्थी कांहीं काळ बेपत्ता झाला आणि त्याचा दोष वृत्तपत्रांनीं या खेळावर ठेवला. त्या प्रकरणाच्या छायेंतून आलेल्या कादंबरीवर १९८२ सालीं 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' हा टेलिव्हिजनपट सी. बी. एस्. कंपनीनें दाखविला, त्यांत तरुण टॉम हँक्स खेळापायीं भ्रमिष्ट होतो. १९८५ सालीं त्याच कंपनीच्या '६० मिनिट्स' या कार्यक्रमानें मुलांच्या आत्महत्यांशीं खेळाचा संबंध असल्याची शंका चर्चेस घेतली. शोकाकुल आईबापांस कारण हवें होतें, आणि त्यांची थट्टा करणें हृदयशून्यपणाचें होईल. पण तो संबंध पुढें सिद्ध झाला नाहीं. मौज अशी कीं १९८३ ते १९८५ या काळांत हीच सी. बी. एस्. कंपनी शनिवारीं सकाळीं मुलांसाठीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची व्यंगचित्रमालिका दाखवीत होती. एकंदर सत्तावीस भाग. एकाच घरांत सकाळीं खाऊ आणि संध्याकाळीं छडी.

पुढें प्रवाह उलटाहि वाहूं लागला. जपानांत र्‍यो मिझुनो सूत्रधार असलेल्या मंडळीचा खेळ १९८६ पासून 'कॉम्प्टिक' मासिकांत संवादरूपानें छापला गेला. त्याची 'लोडोस बेटाचें युद्ध' ही कादंबरी १९८८ सालीं झाली आणि १९९० सालीं चित्रपटमालिका. तींतील डीडलिट या वनकन्येच्या सौंदर्यावर एक पिढी लुब्ध झाली. टेबलावर ती भूमिका हिरोशी यामामोटो या गृहस्थांनीं केली होती. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रास यांत नवल वाटूं नये. अमेरिकेंत २०१५ पासून 'क्रिटिकल रोल' या नटमंडळींचा खेळ लोक तासन् तास पाहूं लागले, आणि २०२२ सालीं त्याचीच चित्रमालिका निघाली. यावर जुन्या खेळाडूंची तक्रार आहे कीं, नवीं मुलें आतां खेळूं न लागतां पाहूंच लागलीं, आणि आपल्या ओबडधोबड शनिवारची तुलना कसलेल्या नटांशीं करून खिन्न होतात. तक्रारींत तथ्य आहे. परंतु आर्नेसननें सुद्धां त्या आठवड्याच्या शेवटीं प्रथम नुसतें पाहिलेंच होतें. तो उठला तो नंतर.

आमची तक्रार वेगळी आहे. जो राक्षस कांचेंतून उतरला त्याच्याबरोबर बिभीषण उतरला नाहीं, मंदोदरी उतरली नाहीं, त्रिजटेचें स्वप्न उतरलें नाहीं. पन्नास मिनिटांत जेवढें मावलें तेवढेंच आलें, आणि बाकीचें आजपर्यंत कोणी मागवून घेतलें नाहीं. २०१४ सालच्या आवृत्तींतील राक्षसहि वाघमुखीच आहे. क्रॉसबोचें नांव त्यांतून गेलें आहे. पण सज्जनाच्या हातच्या मंतरलेल्या टोंकदार शस्त्राचा घाव त्यास दुप्पट लागतो असा नियम राहिला आहे. २०२५ च्या आवृत्तींत तो नियम पुन्हां किंचित् बदलला : ज्याच्यावर आशीर्वादाचा मंत्र घातलेला आहे, त्याच्या हातचें टोंकदार शस्त्र. शिकागोच्या त्या म्हाताऱ्या हिंदूचा बाण असा अजून फिरतो आहे.